‘टेन्शन घेऊ नकोस’ एवढ्याने भागते का? गरोदरपणातील ताणाविषयी

मलप्रभा_काठ

नमस्कार. कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी शाळेत मी अतिथी शिक्षिका आहे. हे माझे पहिलेच बाळंतपण असून सध्या २७ वा आठवडा चालू आहे, म्हणजे दिवस जुलैच्या मध्यावर भरतील. यजमान सैन्यात आहेत आणि त्यांची नेमणूक अशा ठिकाणी आहे की कधी कधी सलग चार दिवस फोन लागत नाही. घरी सासूबाई, सासरे, मोठे दीर आणि जाऊबाई आहेत. यांपैकी कोणीही वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण अशा धाग्यांवर सासरची माणसे खलनायक ठरायला वेळ लागत नाही.

पाचव्या महिन्यापासून मला पहाटे तीन-साडेतीनला जाग येते आणि त्यानंतर डोळा लागत नाही. डोक्यात तेच ते फिरत राहते: ऐन पावसात रस्ता बंद झाला तर काय, अतिथी शिक्षकांना पगारी रजा नसल्यामुळे जूनमध्ये माझी जागा दुसऱ्या कोणाला दिली तर काय, यजमानांना सुट्टी मिळालीच नाही तर काय. छातीत धडधडते, हातपाय गार पडतात. मग आठवते की आईच्या मनावर ताण असला की त्याचा बाळावर परिणाम होतो, असे सगळेच सांगतात; आणि खरी धडधड तिथून सुरू होते. आपण काळजी करतो म्हणून बाळाचे वाईट होईल, या काळजीत उजाडते.

मागच्या तपासणीला मी हे सांगायचा प्रयत्न केला. कन्नड मला येते. शाळेत शिकले आहे आणि बँकेत, बसमध्ये, बाजारात रोज बोलते. परंतु बाजारातले कन्नड निराळे आणि पहाटे तीनच्या भीतीचे कन्नड निराळे. ‘हुरहूर’ या शब्दाला काय म्हणावे ते सुचेना, म्हणून मी नुसतेच ‘टेन्शन’ म्हणाले. तिथल्या सिस्टर प्रेमळ होत्या. ‘टेन्शन माडबेडरी’ असे म्हणून त्यांनी पाठीवर हात ठेवला, रक्तदाब पाहिला, तायी कार्डावर, म्हणजे गरोदर बाईच्या सरकारी नोंदकार्डावर, नोंद केली आणि पुढच्या बाईला हाक मारली. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘टेन्शन घेऊ नकोस गं.’ रात्री यजमानांचा फोन आला, तेही तेच म्हणाले. एकाच दिवसात तीन माणसांनी दोन भाषांत मला एकच वाक्य सांगितले, आणि ते अमलात कसे आणायचे ते मात्र तिघांपैकी कोणीच सांगितले नाही.

माझ्या या ताणाने बाळाला खरोखर धोका आहे का, असल्यास किती, आणि ‘घेऊ नकोस’ याच्या पुढे नेमके काय करता येते, हे जाणकारांनी सांगावे, अशी विनंती आहे.

चिकोडीची_आजी

पोरी, तुझे वाचून जीव कळवळला, तरीही मला पटते ते स्पष्ट लिहिते. माझी चार बाळंतपणे झाली. शाळूच्या काढणीला नवव्या महिन्यापर्यंत जात होते आणि ताण हा शब्द आमच्या कानावरही आला नव्हता. हल्ली पोटुशी बाई जरा गप्प बसली की तिला आजारी ठरवतात. सकाळी देवापुढे बसावे, चांगले वाचावे, चांगले ऐकावे, वाईट बातम्या पाहू नयेत. पोटातले बाळ सगळे ऐकत असते.

हिंडलगा_वळण

आजींचा मान ठेवून लिहितो. माझ्या पत्नीच्या पहिल्या खेपेला आम्ही अगदी हेच केले. ग्रंथ आणले, गाणी लावून दिली, बातम्या बंद केल्या. तिच्यावर भांडी, धुणी, माझ्या आईचे पथ्याचे जेवण आणि कपड्यांचे शिवणकाम हे सगळे तसेच राहिले, ते कोणाच्या ध्यानातही आले नाही. कानात मंत्र आणि हातात परात, अशी तिची अवस्था होती. दुसऱ्या खेपेला मी गाण्यांऐवजी भांड्यांकडे लक्ष दिले. एवढेच सांगायचे होते.

जुनी_डॉक्टरीण

बेळगावात तीस वर्षांहून अधिक काळ स्त्रीरोग आणि प्रसूती या विषयात काम करून मी आता निवृत्त झाले आहे. ताईंचा प्रश्न नेमका असल्यामुळे सविस्तर लिहिते.

बाळाला धोका आहे का, हे आधी पाहू. ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक वाढते, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. ऐकलेले नसते ते पुढचे. गरोदरपणात हे संप्रेरक निरोगी, आनंदी बाईच्या रक्तातही शेवटच्या तीन महिन्यांत दुप्पट-तिप्पट होते, कारण बाळाची फुप्फुसे तयार होण्यासाठी ते लागते. शिवाय वारेमध्ये (प्लॅसेंटामध्ये) एक विकर (एन्झाइम) असते, जे आईच्या रक्तातून येणाऱ्या कॉर्टिसॉलचा मोठा भाग निष्प्रभ करून मगच पुढे जाऊ देते. म्हणजे आईच्या मनात आलेला प्रत्येक धसका जसाच्या तसा बाळापर्यंत पोहोचत नाही; उंबऱ्यावर राखण आहे. फोन लागला नाही म्हणून रडू आले, जावेशी खटका उडाला, पहाटे काळजीने जाग आली, एवढ्याने बाळाचे नुकसान होत नाही. हे वाक्य कागदावर लिहून उशाशी ठेवावे, असे मी माझ्या पेशंटना सांगत असे.

आता दुसरी बाजू. तीव्र आणि महिनोन्‌महिने चालणारा ताण, विशेषतः उपचार न झालेले नैराश्य, मारहाण, उपासमार किंवा घरातील मोठा आघात, यांचा संबंध ३७ आठवड्यांच्या आत होणाऱ्या प्रसूतीशी आणि अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाशी आढळतो. संबंध आढळतो याचा अर्थ तसे घडणारच असा नसून, शक्यता काहीशी वाढते असा आहे. त्यातला बराचसा भाग आडवाटेने येतो: बाई जेवत नाही, झोपत नाही, तपासणी चुकवते, गोळ्या अर्धवट सोडते, आणि रक्तदाब वाढलेला वेळेवर कळत नाही.

येथे एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतात बर्फाचे मोठे वादळ झाले आणि कडाक्याच्या थंडीत लाखो लोक कित्येक दिवस, काही ठिकाणी आठवडे, विजेविना राहिले. त्या वेळी गरोदर असलेल्या बायकांच्या मुलांचा पुढे अनेक वर्षे मागोवा घेण्यात आला. मुलांच्या भाषेच्या आणि बुद्धीच्या चाचण्यांत जो फरक दिसला, तो आई मनाने किती घाबरली होती यापेक्षा तिने प्रत्यक्षात किती हाल सोसले होते, घर किती दिवस अंधारात होते, घर सोडावे लागले की नाही, यांच्याशी अधिक जुळत होता. मी यातून असा अर्थ काढते की बाईला ‘मन शांत ठेव’ असे सांगण्यापेक्षा तिचे हाल कमी करणे हे घराचे, शाळेचे आणि दवाखान्याचे काम आहे. हिंडलग्याच्या भावांनी परातीचे उदाहरण दिले आहे, ते मला दहा व्याख्यानांच्या बरोबरीचे वाटते.

ताई, आता तुमच्याविषयी. छातीत धडधडणे, हातपाय गार पडणे आणि झोप मोडणे या सगळ्याचे खापर मनावर फोडण्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड या दोन तपासण्या पाहून घ्या. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली असले की त्याला रक्तक्षय म्हणतात आणि आपल्या भागात तो घरोघरी आहे. रक्त कमी असले की हृदय जोरात धावते आणि बाईला वाटते की आपण घाबरलो आहोत. माझ्याकडे ‘टेन्शन’ म्हणून आलेल्या कित्येक जणींना आधी लोहाची गरज होती. उलटही घडते, म्हणजे रक्त भरून आले तरी भीती तशीच राहते. तेव्हा मनाकडे पाहावे लागते.

झोपेची गोळी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणू नका; दुकानदार ओळखीचा असला तरी नको. याउलट, ज्या बायकांना नैराश्याची, चिंतेची किंवा अन्य मानसिक आजाराची औषधे आधीपासून चालू आहेत, त्यांनी दिवस गेल्याचे कळताच ती आपल्या मनाने बंद करू नयेत. त्यांतली काही गरोदरपणातही देता येतात, तर व्हॅल्प्रोएटसारखी काही टाळावी लागतात; परंतु ती बदलणे हे मानसोपचारतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ यांनी मिळून ठरवायचे काम आहे. एकाएकी गोळ्या सोडून दोन महिन्यांनी पार कोलमडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

एक सावधगिरी. जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिणग्या, चेहऱ्यावर व हातांवर अचानक सूज, बरगड्यांखाली पोटात दुखणे, रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे किंवा बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटणे, यांपैकी काहीही झाले तर ते टेन्शन समजून घरी बसू नका. त्याच वेळी १०८ ला फोन करून दवाखाना गाठा.

चिकोडीची_आजी

डॉक्टरबाई, उंबऱ्यावरच्या राखणीचे मला आवडले. मात्र ग्रहणाचे काय? आमच्या सुनेला मी ग्रहणात एका जागी बसवले होते, तिची आई त्यावरून अजून मला बोलते.

जुनी_डॉक्टरीण

आजी, ग्रहणाने बाळाला काही होत नाही. ओठाला व्यंग असलेली मुले ग्रहण न पाहिलेल्या आयांनाही होतात. ऐन उन्हाळ्यात आठव्या महिन्याची बाई चार तास पाण्याविना, लघवीला न उठता बसली, तर मात्र तिला त्रास होतो आणि लघवीचा जंतुसंसर्गही होऊ शकतो. देवापुढे बसल्याने तुम्हाला शांत वाटत असे, ते खोटे नाही; ज्या मुलीला तसे वाटते तिने जरूर बसावे. आणि ताण हा शब्द नव्हता म्हणजे ताण नव्हता, असे मला वाटत नाही. ‘अन्न गोड लागत नाही’, ‘जीव नकोसा झालाय’, ‘डोके बधिर होते’ असे तुमच्याच वयाच्या बायका मला सांगत असत आणि आम्ही तरुण डॉक्टर त्यांना जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन परत पाठवत होतो. ती आमची चूक होती.

निपाणी_आशाताई

मी आशा कार्यकर्ती आहे. आमच्याकडच्या ताणाचे एक निराळे रूप येथे मांडते, कारण त्याविषयी कोणी लिहीत नाही. निपाणी परिसरात तंबाखू हाच व्यवहार आहे. विड्या वळणाऱ्या बायका दिवसभर तंबाखूच्या धुळीत बसतात आणि अनेक जणी मिसरी लावतात. गरोदरपणात मिसरी वाढते, कमी होत नाही. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते: ‘मिसरी लावली की डोके हलके होते.’ म्हणजे तिच्यापुरते मिसरी हेच ताणावरचे औषध असते. ते औषधच बाळाचे वजन खाते. मुंबईत गरोदर बायकांवर झालेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तंबाखू, मिसरी वापरणाऱ्या बायकांच्या बाळांचे वजन सरासरी शंभरेक ग्रॅमने कमी आढळले. निकोटीनमुळे वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळतात, असे आम्हाला प्रशिक्षणात सांगतात.

पूर्वी मी बायकांना रागावत असे. रागावल्यावर त्या मला चुकवू लागल्या आणि मिसरीची डबी पदराआड गेली, बाकी काही बदलले नाही. आता मी आधी विचारते की डोके जड कधी होते. एकीने सांगितले, संध्याकाळी हजार विड्यांचा हिशोब देताना. दुसरीने सांगितले, नवरा दारू पिऊन यायच्या वेळेला. पहिलीला आम्ही हिशोबाच्या वेळी शेजारीण सोबत दिली आणि मिसरी दिवसातून पाच वेळांवरून एकदावर आली. दुसरीच्या बाबतीत मिसरी हा प्रश्नच नव्हता. अशा बाईला १८१ हा महिलांसाठीचा क्रमांक माहीत असावा लागतो आणि तो फोन करायला कोणाच्या तरी घरात जागा असावी लागते.

आणखी एक ताण आहे, तो म्हणजे ‘या खेपेला मुलगाच’ हा. दोन मुलींनंतर दिवस राहिलेल्या बाईच्या चेहऱ्यावर तो पहिल्या भेटीतच दिसतो. मूल मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या बीजावर ठरते, हे मी तिच्यासमोर सासूला आणि नवऱ्याला सांगते. एकटीला सांगून उपयोग नसतो, कारण तिला ते बहुतेक वेळा माहीत असते. गर्भलिंग तपासणी हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही त्याच बैठकीत सांगते.

खानापूरच्या ताईंना एवढेच सांगेन की तुमच्या गावच्या आशाताईंना ‘टेन्शन’ न म्हणता पहाटे साडेतीनची सगळी हकीकत सांगा. आम्हाला टेन्शन शब्द दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतो. साडेतीन वाजता रोज जाग येते हे वाक्य मात्र लक्षात राहते.

शहापूर_पेठ

मी समुपदेशक आहे आणि मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत काम करते. आशाताईंचे शेवटचे वाक्य अगदी खरे आहे. आपल्याकडे मनाचा त्रास शरीराच्या शब्दांत सांगितला जातो आणि त्यात काही गैर नाही. अडचण येते ती भाषा बदलताना. म्हणून ताईंसाठी तीन वाक्ये देते, पुढच्या तपासणीला ती जशीच्या तशी म्हणावीत. झोप येत नाही, यासाठी ‘निद्दी बरंगिल्ला’. भीती वाटते, यासाठी ‘अंजिकी आगतद’. छातीत धडधडते, यासाठी ‘एदी डवडव अंतद’. आपल्या भागातील कोणत्याही कन्नड सिस्टरना ‘टेन्शन’पेक्षा ही वाक्ये चटकन उमगतील, कारण त्यांच्या घरातल्या बायकाही असेच बोलतात.

साधी काळजी आणि उपचाराची गरज असलेली अवस्था यांतला फरक ओळखण्याची एक ढोबळ खूण अशी: दोन आठवड्यांहून अधिक काळ, बहुतेक दिवस, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास राहते का, आणि एरवी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरला आहे का? या दोहोंपैकी एकाचेही उत्तर चिंताजनक असेल तर तज्ज्ञांना भेटावे. याहून नेमकी चाचणी म्हणजे १९८७ मध्ये एडिनबरा येथे तयार झालेली दहा प्रश्नांची प्रश्नावली. ती मुळात बाळंतिणींसाठी होती, परंतु आता गरोदर बायकांसाठीही वापरली जाते. तिच्यात मागच्या सात दिवसांविषयी विचारलेले असते. गुण जास्त आले म्हणजे आजार ठरला असे नव्हे, नीट तपासणी करायला हवी एवढेच; मात्र दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे, आणि त्याचे उत्तर ‘कधीच नाही’ याहून वेगळे असेल तर बाकीचे गुण न मोजता त्याच दिवशी मदत घ्यायची असते.

ही मदत फोनवरही मिळते. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून ती विनामूल्य आहे, रात्रीही चालते आणि तिच्या भाषांमध्ये मराठीही आहे. कर्नाटकातून फोन लावल्यावर पलीकडून आधी कन्नड ऐकू येईल. घाबरून ठेवून देऊ नये, मराठी हवी असे सांगावे.

हे दुखणे दुर्मीळ आहे असे कोणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात सुमारे १० टक्के गरोदर बायकांना आणि नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के बायकांना मानसिक आजाराचा त्रास होतो. विकसनशील देशांत हे प्रमाण त्याहून अधिक आहे. चोर्ला घाट उतरले की लागणाऱ्या गोव्यात झालेला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी तेथील २३ टक्के बायकांत नैराश्य आढळले आणि त्यामागे पैशांची ओढाताण, नवऱ्याची मारहाण व मुलगी झाल्याची नाराजी ही कारणे ठळक होती. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आशाताईंसारख्याच आरोग्यसेविकांना बोलण्याच्या उपचाराचे प्रशिक्षण दिले गेले. गरोदरपणाच्या अखेरीस नैराश्य असलेल्या बायकांपैकी, त्यांच्या भेटी मिळालेल्या गटात बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा २३ टक्क्यांत नैराश्य उरले होते; ज्या गटाला केवळ नेहमीच्या भेटी मिळाल्या त्यात ५३ टक्के. मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याला एखादाच असतो, पण ऐकून घेणारी शहाणी बाई प्रत्येक गावात तयार करता येते, असे मला या आकड्यांवरून वाटते.

ताईंच्या पहाटेच्या विचारांसाठी एक उपाय करून पाहावा. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी पंधरा मिनिटे वही घेऊन बसावे आणि सगळ्या काळज्या लिहून काढाव्यात. ज्या काळजीवर काही करता येते तिच्यापुढे पुढचे एकच पाऊल लिहावे आणि ते कोण करणार त्याचे नाव लिहावे. ते नाव दर वेळी स्वतःचेच असू नये. जिच्यावर काही करता येत नाही, उदाहरणार्थ यजमानांचा फोन, तिच्यापुढे केवळ फुली मारावी. पहाटे जाग आली की त्या काळजीला ‘तुझी वेळ संध्याकाळची’ असे सांगावे. हे वेडगळ वाटेल, पण आठवडाभरात फरक पडू लागतो. त्या वेळी डाव्या कुशीवर वळून, चार अंक मोजत श्वास आत घ्यावा आणि सहा अंक मोजत सावकाश सोडावा; श्वास रोखून धरण्याचे प्रकार गरोदरपणात करू नयेत. डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर आठवड्याला एकूण दीडशे मिनिटे चालणे झोपेलाही उपकारक ठरते. नदीकाठचा रस्ता तुम्हाला हाताशी आहेच, सोबत मात्र जाऊबाईंना घ्या.

मलप्रभा_काठ

सर्वांचे आभार. मधले तीन आठवडे येथे काही लिहिले नाही. आता ३० वा आठवडा चालू आहे.

हिमोग्लोबिन ९.४ आले, थायरॉइड ठीक आहे. लोहाच्या गोळ्या वाढवून दिल्या आहेत. ‘एदी डवडव अंतद’ असे म्हटल्याबरोबर सिस्टरनी मला खुर्चीवर बसवले आणि स्वतः बाईडॉक्टरांना बोलावून आणले. त्या सिस्टर मूळच्या बैलहोंगलच्या आहेत आणि पहिल्या खेपेला त्यांनाही रात्ररात्र झोप नव्हती, हे त्या दिवशी कळले.

वहीचा प्रयोग केला. पहिल्या दिवशी सतरा काळज्या निघाल्या आणि त्यांपैकी चौदांपुढे मी माझेच नाव लिहिले होते. वही जाऊबाईंच्या हाती लागली, मी मुद्दाम लपवली नव्हती. त्यांनी काही न बोलता पाच ठिकाणी माझे नाव खोडून स्वतःचे लिहिले आणि पाण्याच्या मोटारीपुढे दिरांचे. रस्त्याच्या काळजीपुढे सासऱ्यांनी आपले नाव स्वतःच लिहायला लावले. ३५ वा आठवडा लागताच मी माहेरी, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात जावे, असे त्यांचे म्हणणे आहे. म्हणजे पावसाचा जोर वाढण्याआधी. नोकरीच्या काळजीपुढे मात्र अजून फुलीच आहे. मुख्याध्यापक चांगले आहेत, पण निर्णय त्यांच्या हातात नाही.

जाग अजून येते, परंतु रोज नाही. विचारायचे हे होते की राज्य बदलल्यावर तायी कार्ड तिकडे चालते का, आणि बाळंतपणाच्या खोलीत कोणाला सोबत नेता येते का?

निपाणी_आशाताई

कार्ड सोबत न्या, त्यावरच्या आरसीएच क्रमांकाचा (माता-बाल आरोग्याच्या नोंदणी क्रमांकाचा) आणि सर्व अहवालांचा फोटो मोबाइलमध्येही ठेवा. सीमेपलीकडच्या आशाताईंना तुमच्या आईंनी आधीच भेटून नाव घालावे आणि इकडच्या आशाताईंचा फोन त्यांना द्यावा; दोघींचे एकदा बोलणे झाले की बाकीचे कागद मार्गी लागतात. जननी सुरक्षा योजनेचे, म्हणजे दवाखान्यातील बाळंतपणासाठीच्या सरकारी मदतीचे, काय ते जाण्यापूर्वीच विचारून घ्या, मागाहून हेलपाटे पडतात.

बसचे सांगते, कारण मी स्वतः चुकले होते. आपल्याकडे जून २०२३ पासून कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट आहे, पण तो राज्याच्या हद्दीपुरता. सीमेवरच्या शिनोळीच्या पुढे ती सवलत चालत नाही. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धे तिकीट असते. अर्थात ३५ व्या आठवड्यात बसने जाऊच नका, गाडी करा. बस तुमच्या आईंना तपासणीच्या दिवशी इकडे यायला उपयोगी पडेल.

जुनी_डॉक्टरीण

प्रसूतीच्या वेळी बाईच्या पसंतीची सोबतीण जवळ असावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे आणि सरकारी रुग्णालयांतही आता हे मान्य केलेले आहे. प्रत्यक्षात त्या खोलीत जागा किती आणि गर्दी किती, यावर ते ठरते. म्हणून जिथे प्रसूती होणार तिथे एकदा आधी जाऊन, खोली पाहून, सोबत कोण येणार ते नावानिशी सांगून या. कळा चालू असताना बाईला दुसरी भाषा सुचत नाही, आणि कित्येकींना पहिलीही नीट सुचत नाही. जवळ आई किंवा जाऊ असली की ती दोन्हीकडचे बोलते. ज्या प्रसूतीत अशी सोबत असते ती बहुधा थोडी लवकर आणि कमी हस्तक्षेपात पार पडते, असे अभ्यासांतही आढळले आहे.

९.४ साठी गोळ्या बरोबर आहेत. तीन-चार आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासा. वाढ झाली नाही तर शिरेतून लोह देण्याविषयी डॉक्टरांना विचारा, ३५ व्या आठवड्यापर्यंत थांबू नका. गोळी चहाबरोबर घेत असाल तर ती वाया जाते.

मलप्रभा_काठ

चहाबरोबरच घेत होते.

चिकोडीची_आजी

लिंबाच्या सरबताबरोबर घे. आणि माझेही नाव त्या वहीत लिही. डिंकाचे लाडू मी पाठवते, बाळंत झाल्यावर. तुझ्या जावेला सांग, तिच्यासाठीही वेगळा डबा येईल.